निवडण्यात किती वेळ घालवायचा?



आज आपण निर्णयाबद्दल बोलणार आहोत. निर्णय म्हटलं की आपल्याला काहीतरी मोठं वाटतं. जमिनीचा, सोयरिकीचा, नाहीतर ग्रामसभेतला ठराव. पण सकाळी डोळे उघडल्यापासून आपण दुसरं करतो तरी काय? भाजी कोणती टाकायची, आधी पाणी भरायचं की आधी शेण काढायचं, धाकट्याचं अंग कोमट लागतंय तर त्याला आज शाळेत धाडायचं का, हातात आलेल्या पाचशे रुपयांतून आधी किराणा की आधी खत. दिवसभर हे चालूच असतं. यातला एकेक विचार लहान, पण सगळे मिळून किती वेळ खातात आणि रात्री पाठ टेकताना मन हलकं असतं की जड, हे पुष्कळसं आपल्या ठरवण्याच्या सवयीवर असतं. आजचा विषय ती सवय.

कोणत्याही गटात दोन तऱ्हेच्या बाया असतात. तुमच्याही असतील, आत्ता ऐकताना एकमेकींकडे बघून हसाल. एक असते 'अजून बघू'वाली. तिला लग्नाला नेसायला साडी हवी असेल तर ती सहा दुकानं बघते, प्रत्येक दुकानात गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायला लावते, मग पहिल्या दुकानात परत जाते. तोवर ती साडी गेलेली असते. मग दुसरी घेते, आणि घरी येऊन शेजारणीला विचारते, "तुला कितीला मिळाली गं?" दुसरी असते 'हे चालतंय'वाली. दुकानात शिरतानाच तिच्या डोक्यात असतं, सुती हवी, काठ बारीक हवा, आठशेच्या वर जायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या साडीला तसं सापडलं की पैसे देते आणि एसटी स्टँडवर जाऊन चहा पिते.

आता पहिलीला चोखंदळ आणि दुसरीला धसमुसळी म्हणायची घाई करू नका. दुसरीनंही विचार केलेलाच असतो, फक्त तो दुकानात शिरायच्या आधी केलेला असतो. काय असलं म्हणजे आपलं काम भागेल हे तिला ठाऊक असतं. पहिलीला ते ठाऊक नसतं. तिला सगळ्यात चांगली साडी हवी असते. आणि सगळ्यात चांगली कोणती हे कळायला सगळ्या साड्या बघाव्या लागतात. सगळ्या साड्या काही कुणाच्या बघून होत नाहीत.

या दोन तऱ्हांवर मोठमोठ्या विद्वानांनी काम केलं आहे. अमेरिकेत हर्बर्ट सायमन नावाचे शास्त्रज्ञ होते. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तोवर अर्थशास्त्राच्या पुस्तकातला माणूस कसा होता? सगळे पर्याय तपासणारा, प्रत्येकाचा नफातोटा मांडणारा आणि त्यातला सर्वात फायद्याचा उचलणारा. सायमन म्हणाले, असा माणूस जगात नाही. आपल्याजवळ वेळ थोडा, माहिती अपुरी आणि डोक्यालाही मर्यादा. म्हणून खरी माणसं एक पातळी मनाशी धरतात आणि तिला उतरणारा पहिला पर्याय सापडला की थांबतात. १९५६ साली त्यांनी या रीतीसाठी एक नवा शब्दच घडवला, 'भागणं' आणि 'समाधान' हे दोन शब्द जोडून. पुढे त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं सुई आणि गवताच्या गंजीचा दाखला दिला. गंजीत पुष्कळ सुया पडल्या आहेत असं धरा. त्यातली सर्वात टोकदार सुई शोधायची तर अख्खी गंजी उपसावी लागेल. शिवता येईल एवढी टोकदार सुई शोधायची तर पहिल्या दोन-चार सुयांतच काम होईल. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे सांगायला अमेरिकेतून यावं लागत नाही म्हणा! पण त्या काळच्या अर्थशास्त्रज्ञांना सांगावं लागलं.

यात सुखाचा प्रश्न आणला तो बॅरी श्वार्ट्झ आणि त्यांच्या सोबत्यांनी. २००२ साली त्यांनी तेरा वाक्यांची एक प्रश्नावली केली. रेडिओवर आवडतं गाणं चालू असलं तरी दुसऱ्या स्टेशनवर काय लागलंय हे तुम्ही चाळून बघता का, अशा धाटणीचे प्रश्न. सतराशेहून जास्त लोकांनी ती भरली. जे 'अजून बघू'कडे झुकले होते ते एकूणात कमी आनंदी, आयुष्याबद्दल कमी समाधानी आणि घेतलेल्या निर्णयाची जास्त चुटपुट लागणारे निघाले. उदासपणाही त्यांच्यात जास्त आढळला.

त्याहून नवलाची गोष्ट २००६ सालच्या अभ्यासातली. अकरा कॉलेजांतल्या, शेवटच्या वर्षाच्या आणि नोकरी शोधणाऱ्या पोरापोरींवर तो केला होता. 'अजून बघू'वाल्यांनी जास्त ठिकाणी नोकऱ्या शोधल्या आणि खरोखरच त्यांना सुमारे वीस टक्के जास्त पगार मिळाला. म्हणजे दुसरीला वीस हजार मिळाले असतील तर हिला चोवीस. तरी मिळालेल्या नोकरीवर जास्त खूश कोण? कमी पगारवाली. चोवीसवालीच्या डोक्यात सत्तावीसची नोकरी घोळत राहिली, जी तिनं बघितलीच नव्हती.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. सवयीमुळे माणूस दुःखी होतो की मुळात अस्वस्थ असलेला माणूस जास्त शोधत बसतो, हे अशा अभ्यासातून ठामपणे कळत नाही. दोन्ही एकत्र आढळतात, एवढंच कळतं. आणि ती पोरं अमेरिकेतल्या कॉलेजातली. तरी आम्हाला हा अभ्यास सांगावासा वाटला, कारण त्यातली चुटपुट आपल्या ओळखीची आहे. बाजारातून आणलेली वस्तू चांगली असूनही तिच्यातलं सुख 'चार पैसे कमी झाले असते' या एका वाक्यानं कसं नासतं, ते आपण घरोघरी बघतो.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, अहो रेडिओवाल्या ताई, आम्हाला कुठे आलेत एवढे पर्याय? अगदी खरं. शहरातल्या मॉलमधल्या बाईला भरमसाट निवडीचा त्रास होतो, आपल्याकडे उलटंच आहे. भाजी, साडी, पाहुण्यांना काय करायचं, अशा लहान गोष्टी सगळ्या आपल्या माथी, आणि जमीन कसायला द्यायची का, पोरीला बारावीनंतर पुढे शिकवायचं का, घर बांधायला कर्ज काढायचं का, हे मोठे निर्णय ओसरीवर होतात आणि आपल्याला चहा ठेवताना कळतात. देशभर होणाऱ्या कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना तीन गोष्टी विचारतात: तुमच्या आजारपणाचा निर्णय कोण घेतं, घरातल्या मोठ्या खरेदीचा कोण घेतं, आणि माहेरी, नातेवाइकांकडे जायचं का हे कोण ठरवतं. सरकारला हे विचारावं लागतं, यातच काय ते आलं.

म्हणून 'चालतंय' या शब्दाशी आपलं जरा भांडण आहे. आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं, बाईनं समाधानी असावं, मिळेल त्यात भागवावं. गरम भाकरी पुरुषांना, पोरांना. उरलेली आपल्याला चालते. दवाखान्यात आज नको, पुढच्या आठवड्यात चालेल. हे चालवून घेणं आम्ही सांगतोय असं कृपा करून समजू नका. त्याला मन मारणं म्हणतात. फरक असा की मन मारताना पातळी दुसऱ्यानं ठरवलेली असते आणि आपण तिच्याखाली स्वतःला बसवतो. आम्ही म्हणतो त्या 'चालतंय'मध्ये पातळी आपण ठरवतो, आधी ठरवतो, आणि तिच्या खाली उतरत नाही. आठशेची सुती, बारीक काठाची साडी मिळाली नाही तर ती ताई रिकाम्या हाती परत येते. दुकानदार कितीही "घ्या हो ताई" म्हणाला तरी!

या रीतीचं आपल्या शेतातलं एक चांगलं उदाहरण आहे, घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणी. पोत्यात वरून, मधून, तळातून दाणे काढायचे, त्यांतले सरसकट शंभर मोजायचे. चांगले-चांगले निवडून घ्यायचे नाहीत, नाहीतर तपासणीला अर्थ नाही. ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट घालायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उलगडायचं आणि धड कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं पेरणीजोगं, एकरी तीस किलो. सत्तरच्या थोडं खाली आलं तर त्या मानानं एकरी बियाणं वाढवायचं. साठच्याही खाली गेलं तर ते पेरायचंच नाही. कृषी विभागाची ही शिफारस बऱ्याच जणींना पाठ आहे.

बघा, यात शंभरपैकी शंभर उगवणारं बियाणं शोधत फिरा असं कुणी सांगत नाही. ब्याऐंशी आले तर "शेजाऱ्याचे अठ्ठ्याऐंशी आले" म्हणून रडत बसायचं कारण नाही. आकडा आधी ठरला आहे, तपासणी आठवड्यात होते, खर्च गोणपाटाचा आणि पाण्याचा. पेरणी कधी, त्यालाही असाच आकडा आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं सांगतात. पहिल्या सरीला घाई करणारा दुबार पेरणीत अडकतो. पण तेवढा पाऊस होऊन जमिनीत वापसा आल्यावरही जो "अजून चांगला पडू दे" म्हणत बसतो, त्याचा हंगाम निसटतो. दोघांचंही नुकसान आकडा न पाळल्यानं होतं.

हेच शेळीच्या बाजारात करता येतं. आठवडी बाजारात शेळी घ्यायला गेलेल्या दोघींचा विचार करा. पहिली प्रत्येक दावणीपाशी थांबते, भाव विचारते, पुढे जाते. फिरून येईपर्यंत ऊन चढतं, चांगली जनावरं उठलेली असतात आणि उरल्यातलं एक घाईनं घ्यावं लागतं. दुसरीनं घरीच लिहून किंवा बोटांवर मोजून ठेवलं आहे: दात दोन किंवा चार, कासेचे दोन्ही सड सारखे, नाकाडोळ्यांतून पाणी गळत नाही, चालताना लंगडत नाही, आणि अमुक रकमेच्या वर नाही. या पाच गोष्टींत बसलेली पहिली शेळी ती घासाघीस करून घेते. तिच्याहून चांगली शेळी त्या बाजारात असेलही. पण ही चांगली आहे, ती दुपारी घरी आली आहे, आणि बाईचा दिवस वाया गेला नाही.

दिवस वाया जाणं, हे आपण हिशेबात धरतच नाही. एसटीचं तिकीट आपल्याला अर्धं झालं म्हणून तालुक्याची फेरी स्वस्त वाटते. पण मिक्सर घ्यायला तीन फेऱ्या झाल्या तर तीन दिवसांचा रोज बुडाला. दोनशे रुपये वाचवायला तीन रोज घालवले, तर वाचलं काय? घरातलं काम तर चुकत नाहीच, ते रात्री करावं लागतं. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळेची पाहणी केली, लोक चोवीस तासांत काय काय करतात याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा बायकांची २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८. आपली दहा मिनिटं कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर त्यांचीही नऊ कमी झाली! आणि 'उद्या डब्याला काय' हा विचार आपण भाकरी थापताना, पाणी शेंदताना, गुरांना वैरण टाकताना करतो. तो कामाच्या पोटातच जातो, वेगळा मोजायलाच सापडत नाही.

म्हणून रोज रोज येणारे लहान निर्णय एकदाच करून टाकायची रीत चांगली. सोमवारी मटकी, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी पिठलं, असं आठवड्याचं ठरवलं की सकाळचा एक घोर कमी. आपल्या आज्या-पणज्या अमुक वारी अमुक करायचं, अमुक महिन्यात तमुक वाळवण घालायचं, हे ठरवूनच चालत. त्यामागे रूढी होती, पण डोक्याला विसावाही होता. ज्यांना रोज नवं करायला आवडतं त्यांनी जरूर करावं. त्यांचा तो आनंद आहे, घोर नाही.

आता गटाकडे वळू, कारण खरा पैसा अडकतो तो इथे. समजा, गटानं बँकेतून दीड लाखाचं कर्ज उचललं, शेकडा एक रुपया महिना व्याजानं. पैसा खात्यावर आला. आता धंदा कोणता करायचा? एक म्हणते पापड, दुसरी म्हणते मसाला, तिसरी म्हणते शेळ्या, चौथीनं कुठेतरी मशरूमचं ऐकलं आहे. "पुढच्या बैठकीत बघू." पुढच्या बैठकीत दोघी गैरहजर. "सगळ्या आल्यावर बघू." असे चार महिने गेले. महिन्याला पंधराशे व्याज, चार महिन्यांचे सहा हजार, आणि अजून एक पापड लाटला गेलेला नाही. सर्वात चांगला धंदा शोधण्याची फी सहा हजार! शिवाय ज्या दोघी-तिघींना पहिल्या महिन्यात हुरूप होता, त्याही थंड पडतात, ते नुकसान वेगळं.

अशा वेळी गटानं बोलण्याचा क्रम बदलून बघावा. कोणता धंदा, हा प्रश्न मागे ठेवायचा. आधी ठरवायचं की आपल्या धंद्यात काय काय असलंच पाहिजे. बहुतेक गटांत या गोष्टी निघतील: कच्चा माल पंचक्रोशीत मिळावा, निम्म्याहून जास्त जणींना ते काम आधीपासून येत असावं, दिवसाला तीन तासांच्या वर वेळ लागू नये, गिऱ्हाईक आठवडी बाजाराच्या अंतरात असावं, आणि पहिला पैसा दोन-तीन महिन्यांत हातात यावा. हे वहीत लिहायचं. मग एकेक धंदा या अटींवर घासून बघायचा. जो सगळ्या अटींत पहिला बसेल तो धरायचा, आणि उरलेल्यांची चर्चा त्या वर्षापुरती बंद. कर्ज उचलण्याआधी हे केलं तर व्याजाचा प्रश्नच येत नाही. बैठकीला वेळेचा दोरा बांधा. आज पाऊण तासात ठरलं नाही तर पुढच्या बैठकीत जेवढ्या हजर तेवढ्या ठरवतील, असं प्रोसिडिंग वहीत लिहून ठेवलं की गैरहजर राहणाऱ्याही येतात.

यात एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. अटी लिहिताना अध्यक्ष, सचिव आणि जिचा आवाज मोठा तिच्याच अटी लिहिल्या जातात. कोपऱ्यात बसलेली, मजुरीला जाणारी बाई म्हणत नाही की दुपारी तीन तास मला जमणार नाहीत. सगळ्यांचं एकमत झालं असं वहीत लिहिलं जातं आणि महिन्याभरात ती बाई गट सोडते. म्हणून एकेकीला नाव घेऊन विचारावं, आणि सुरुवात शेवटच्या टोकाला बसलेलीपासून करावी. पटकन ठरवणं म्हणजे चौघींनी ठरवणं नव्हे.

माल विकायला बसल्यावर निवडीचा दुसरा पैलू समजतो. तिथे निवडणारं गिऱ्हाईक असतं. शीना अय्यंगार या भारतीय आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या संशोधक. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. त्यांनी अमेरिकेत एका किराणा दुकानात जॅमच्या बाटल्या मांडून बघितल्या. एकदा चोवीस प्रकारचे जॅम, एकदा फक्त सहा प्रकारचे. चोवीस मांडल्यावर थांबून बघणारे जास्त, पण थांबलेल्या शंभरातल्या तिघांनीच विकत घेतलं. सहा मांडल्यावर थांबलेल्या शंभरातल्या तिसांनी घेतलं. हा प्रयोग २०००मध्ये छापून आला आणि खूप गाजला. पुढे २०१०मध्ये असे पन्नास प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा कळलं की दर वेळी असं होतंच असं नाही. कुठे जास्त प्रकारांनी विक्री घटते, कुठे वाढते, सरासरी काढली तर फरक जवळजवळ शून्य. म्हणून या प्रयोगाला वेदवाक्य मानू नका. पण मुंबईत महालक्ष्मी सरसला किंवा जिल्ह्याच्या प्रदर्शनाला स्टॉल लावाल तेव्हा स्वतःच करून बघायला काय हरकत आहे? एक दिवस चटण्यांचे बाराही प्रकार पुढे मांडा, दुसऱ्या दिवशी पाचच मांडा आणि बाकीचे मागे ठेवा. रात्री गल्ला मोजा. तुमच्या चटणीचा निकाल तुमचा गल्ला सांगेल, तिथे जॅमचं काय काम!

घेतलेला निर्णय बदलता येतो की नाही, यावरही मनाची शांती असते, आणि ती आपल्याला वाटते त्याच्या उलट असते. हार्वर्ड विद्यापीठात फोटो काढायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, तो २००२ साली छापून आला. प्रत्येकाचे दोन आवडते फोटो धुऊन दिले आणि सांगितलं, एक ठेवा, एक आम्हाला द्या. काहींना सांगितलं, नंतर मन बदललं तर बदलून घेता येईल. काहींना सांगितलं, आता दिलात तो गेला. पुढे विचारलं तेव्हा ज्यांना बदलायची सोय नव्हती त्यांना आपला फोटो जास्त आवडू लागला होता. सोय होती ते विचारच करत राहिले होते. तरी आधी विचारलं तर माणसं बदलायची सोयच मागतात. 'आवडली नाही तर आठ दिवसांत बदलून मिळेल' ही पाटी आपल्याला केवढी गोड वाटते! मग आठ दिवस ती साडी घडीतच राहते, नेसली जात नाही, आणि आपण आरशासमोर ती नुसती खांद्यावर धरून बघतो.

पण ही गोष्ट सगळीकडे लावू नका. साडी आणि सही यांत फरक आहे. कर्जाच्या कागदावर, जमिनीच्या कागदावर, बक्षीसपत्रावर, हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही करायची असेल तर 'चालतंय' म्हणायचं नाही. भाऊ घाई करतोय, एजंट म्हणतोय आजच शेवटचा दिवस, तरी म्हणायचं, कागद घरी नेते, वाचून घेते, उद्या सांगते. हक्कसोडपत्र एकदा झालं की माहेरच्या जमिनीतला वाटा गेला, तो मनधरणी करून परत मिळत नाही. पोरीच्या लग्नाचंही तसंच. स्थळ सगळ्यात भारी नको, हे बरोबर. पण मुलीची स्वतःची पसंती, तिचं वय, मुलाचं व्यसन, या अटी पातळीच्या खाली येऊ देऊ नका. छातीत गाठ लागली तर 'बघू पुढच्या महिन्यात' नको. तिथे सगळी कामं सोडून दवाखाना, आणि मोठ्या ऑपरेशनचं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत. जिथे चूक झाली तर मागे फिरता येत नाही, तिथे वेळ घाला. जिथे चूक दोनशे रुपयांची आहे तिथे दोनशे रुपयांचाच वेळ घाला. आमच्या मते आपल्याकडे नेमकं उलटं होतं. साडीला अख्खा दिवस, आणि सहीला दोन मिनिटं.

या विषयाची जाहिरात मागच्या आठवड्यात केली तेव्हापासून बऱ्याच जणींचा एकच प्रश्न येतो आहे. मी ठरवलं तरी घरात सासू किंवा मालक म्हणतात, 'दुसरीकडे स्वस्त मिळालं असतं', मग काय करायचं? एक साधा उपाय काही गटांतल्या बायांनी सांगितला, तो आम्हाला पटला. जायच्या आधी अटी त्यांच्याकडूनच विचारून घ्यायच्या. "मामंजी, शेळी आणायला चालले, किती दातांची बघू? कितीच्या वर जाऊ नको?" त्यांनी आकडा सांगितला की तोच धरून बाजारात जायचं. परत आल्यावर शेळी त्या आकड्यात बसलेली असते, तेव्हा नाव ठेवायला जागा कमी राहते. तरी ठेवलंच, तर शेळीला वैरण टाकायला उठायचं.

दुसरा प्रश्न एका मैत्रिणीचा आहे. ती म्हणते, मला दुकानं हिंडायला आवडतं, वर्षातून एकदाच तालुक्याला मनासारखी फिरते, तेही बंद करू का? अजिबात नको. ती तिची सहल आहे. दिवस मजेत गेला तर तो वाया गेला असं कोण म्हणेल? फक्त घरी आल्यावर शेजारणीला भाव विचारू नये.

पुढच्या आठवड्यात याच वेळी आपण हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र म्हणजे काय, ते कुठे होतं आणि सही करण्याआधी सातबाऱ्यावर काय बघायचं, याबद्दल बोलू. ज्यांच्या घरात असे कागद आहेत त्यांनी कार्यक्रमाच्या वेळी ते जवळ घेऊन बसावं, वाचणारी एखादी पोरगीही सोबत असू द्यावी. सोयाबीनचं घरचं बियाणं ज्यांनी राखून ठेवलंय, त्यांनी पावसाची वाट न बघता या आठवड्यातच गोणपाट भिजत घालावं. नमस्कार.